खड्ड्यांत हरवलेलं अंतर

निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात सुहासिनीबाईंनी सायकल घेतली. कोपरीला माहेरी असताना त्या शाळेत सायकलवरूनच जायच्या. लग्न होऊन डोंबिवलीत आल्या आणि सासऱ्यांना आवडत नाही म्हणून ती सुटली. पुढे टेलिफोन खात्यात उभी हयात नोकरी केली, नवऱ्याचं आजारपण काढलं. आता विचारावं असं कुणी उरलं नव्हतं. मुलगा शौनक होता, पण त्याला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

त्यांची भाची क्षिप्रा ठाण्याला राहायची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. सायकलचं अंतर मोजणारं एक यंत्र तिने स्वतः तयार केलं होतं. चाकाच्या तारेला छोटं लोहचुंबक, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला सेन्सर; चुंबक समोरून गेलं की एक फेरा मोजला जायचा आणि हँडलवरच्या डबीत अंतर दिसायचं. घरात स्टँडवर चाक फिरवलं तर एकही फेरा चुकत नव्हता. ठाण्यातला एक दुकानदार यंत्र ठेवायला तयार होता. पण त्याआधी कुणीतरी ते रस्त्यावर चालवून बघावं आणि आपल्याला सांगावं, असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून क्षिप्राने ते मावशीच्या सायकलला बसवलं.

मावशीने ते काम मनावर घेतलं. शीळफाट्याच्या दिशेने त्या काँक्रीटच्या मोठ्या रस्त्याने गेल्या आणि त्याला लागूनच असलेल्या खोदलेल्या रस्त्याने परतल्या. टोकं दोन्हीकडे तीच, पण येताना अंतर कमी भरलं. दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यांतून गेल्या नि काँक्रीटवरून आल्या. तरी खराब रस्त्याचंच अंतर कमी.

क्षिप्राचं म्हणणं पडलं की मावशीची सायकलच जुनी झालीय, चाक आउट, म्हणजे वाकडं झालेलं असणार. दुकानदाराने फोन केला तर मोठ्या रस्त्याचंच सांग, असंही ती म्हणाली.

"मी रोज जाते तो रस्ता खोटा आणि तुझा स्टँड खरा, होय?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्याने विचारलं तर मी जे झालं तेच सांगणार."

दुकानदाराने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. त्याने दुसऱ्याच कुणाचं यंत्र घेतलं. क्षिप्राचे फोन बंद झाले. बाईंना रात्री झोप लागेना, पण यंत्र त्यांनी सायकलवरून काढलं नाही.

त्यातच एका खड्ड्यात त्या पडल्या आणि कोपर सोलवटलं. शौनकने पार्किंगमधल्या पाइपाला साखळीने सायकल बांधली आणि किल्ली घेऊन ऑफिसला गेला. बाईंनी नाक्यावरच्या सहदेव सायकलवाल्याला बोलावून साखळी कापून घेतली. संध्याकाळी शौनक चिडला; किल्ली माझ्याकडे मागायचीस ना, म्हणाला.

"माझ्या सायकलची किल्ली मी मागायची?" त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या मी तुझी गाडी बांधून ठेवते, मग बोलू."

तो जेवायला बसला.

मग बाईंनी आपणहून क्षिप्राला फोन लावला. तुझी नवी सायकल आण, तसलंच दुसरं यंत्र तिच्यावर बसव आणि माझ्यासोबत चल, एवढंच सांगितलं. रविवारी क्षिप्रा आली ती गाल फुगवूनच. खोदलेल्या रस्त्यावर सायकलवर तिचे दात वाजले, कमरेचे हाल झाले. शेवटी तिने डबी पाहिली. आकडा कमीच. ती चाकाशी वाकली. बोटाने ढकलताच सेन्सर चुंबकापासून बोटभर लांब झुकला आणि परत जागेवर आला; प्रत्येक हादऱ्याला हेच होत होतं. समोरून चाक फिरत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

ती तिथेच दगडावर टेकली. "मावशी, मी तुझ्या सायकलला नावं ठेवली गं."

"सायकलला काय फरक पडतोय? रस्ता काही तुझ्यासाठी बदलणार नाही. तू यंत्र बदल."

त्याला पुष्कळ दिवस गेले. क्षिप्राने पत्र्याची घट्ट पकड करून घेतली, खाली रबर घातलं. प्रत्येक नवी पकड मावशी त्याच खड्ड्यांतून नेऊन हलवून आणायच्या आणि सरकली की परत पाठवायच्या. शेवटची मात्र हलली नाही. दोन्ही रस्त्यांचं अंतर जवळजवळ सारखं आलं. यंत्र ठेवायला अजून कुणी दुकानदार मिळालेला नाही, क्षिप्रा शोधतेय.

आता लांबचा पल्ला बघायचाय, कल्याण ओलांडून आंबिवलीपर्यंत. शौनकने ऐकलं तेव्हा म्हणाला, मी मागून गाडी घेऊन येतो.

"ये की," सुहासिनीबाई म्हणाल्या. "फक्त हॉर्न वाजवायचा नाही."