अक्काने जोकर पुन्हा पाहिला

पत्ते हातात आले की अक्काच्या चेहऱ्यावरचे सारे भाव कोणी पुसून घेतल्यासारखे नाहीसे होत. एरवी भाजीवाल्याशीही हसून-भांडून बोलणारी माझी ही थोरली बहीण डावाला बसली की ओळखू येत नसे. पारोळ्याच्या माहेरातून तिने पिंप्राळ्याच्या सासरी आणला तो पपलू, रमीचाच आमच्याकडचा प्रकार.

तीन कॅट एकत्र पिसायचे आणि प्रत्येकाला एकवीस पाने वाटायची. त्यातले एक पान जोकर म्हणून काढून गड्डीखाली पालथे ठेवायचे. ज्याच्या हाती ओळीने तीन पाने, सगळी इस्पिकची किंवा सगळी बदामची, असे तीन क्रम लागतील, त्याने ते मांडायचे आणि मगच जोकर पाहायचा. एकदाच. पाहून पालथा ठेवायचा, कोणाला सांगायचा नाही. जोकर इस्पिकची सत्ती असेल तर तिच्या वरची इस्पिकची अठ्ठी म्हणजे पपलू. सर्वाधिक गुण त्याचे. बाकीचे अंधारात खेळतात. टाकतो ते पानच पपलू नसेल ना, या धास्तीने मी कायम हरत आलो.

"भाऊ, तू पत्तासले घाबरस का माले?" अक्का विचारायची. खरे उत्तर मी कधी दिले नाही. मी सगळ्यालाच घाबरत होतो.

मागच्या रविवारी दुपारी अक्काने क्रम मांडले, जोकर पाहिला, ठेवला. दोन-चार पाने पडतात तोच तिचा हात पुन्हा गड्डीखाली गेला.

"ओ बाई, चोरी करते का?" दाजी ओरडले. "आत्ताच पाहिला ना तू!"

"पाहू द्या हो, तुमनं काय जास?" अक्का हसली. तिची सूनबाईही हसली. मी शेजारी होतो. अक्काने जोकर परत पालथा ठेवला. मग ती स्वतःच्या पानांकडे पाहू लागली, परक्या गावच्या एसटी स्टँडवर पाटी शोधणाऱ्या बाईसारखी.

ती चहा ठेवायला उठली. मी मागोमाग गेलो. पातेले शेगडीवर होते, गॅस पेटवलेला नव्हता.

"माले भ्याव लागस रे, भाऊ," ती हळूच म्हणाली. "आत्ते पाहस, आत्ते डोकामाईन निंघी जास. कोनले सांगू नको."

गप्प राहणे हा माझा स्वभाव; त्याला मी सभ्यपणा म्हणत आलो. त्या दिवशी भीतीनेच मला बोलते केले.

"घरात सांगत नाही, अक्का. पण उद्या डॉक्टरकडे चल. मी येतो बरोबर."

डॉक्टर तरुण होते, मायेने बोलत होते. "आजी, तीन शब्द लक्षात ठेवा. चावी, मोर, शिडी." मग त्यांनी वार विचारला, नातवंडांची नावे विचारली, गावाकडच्या चार गोष्टी बोलले आणि म्हणाले, "आता सांगा बघू ते शब्द."

"चावी," अक्का म्हणाली. दुसरे बोट दुमडले. "मोर."

मग तिने माझा हात घट्ट धरला. "सांग ना, भाऊ."

मी तोंड उघडले. तो शब्द मलाही आठवेना.