चटणीवरची लाल रेघ

आमची आई परराज्यात, भेस्तानला खाणावळ चालवते. पलसाण्याच्या रंगाई मिलांत कापड रंगवणारी आपली खानदेशी माणसं तिच्याकडे जेवतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या काहींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि गल्लीत कुजबुज झाली, मावशीचं अन्न बाधलं. आईचं स्वतःचं जेवणच तुटलं. सारखी सोड्याने हात धुवायची; बोटांना भेगा पडल्या.

इकडे मी प्रयोगशाळेत साहेबांच्या हाताखाली अन्नातले घातक जिवाणू ओळखणारी कागदी पट्टी बनवत होते. पदार्थाचा अर्क टाकायचा, जिवाणू असले तर लाल रेघ उमटते. दुधावर झकास चालायची. आपल्या काळ्या मसाल्यापुढे मात्र तिने हात टेकले, सगळी काळीमिट्ट! अर्क गाळून गाळून माझा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली.

आईला म्हटलं, "लोकांना वाढतेस तसंच थोडं थोडं तपासायला दे." तर बाईने सगळं पुन्हा खळाखळा उकळून, वर कोथिंबीर भुरभुरून डबा दिला. चटणीसुद्धा उकळलेली!

"अगं आई, उकळल्यावर त्यात काय डोंबल सापडणार?"

"तुन्हा साहेबसमोर मन्ही लाज जाई ना!"

मला हसू आलं आणि रडूही. शेवटी पंगतीच्या वेळी मीच गेले आणि ताटातलंच उचललं. भाजी, भात, भाकरी, सगळ्यांच्या पट्ट्या कोऱ्या. चटणीवर रेघ. मिरची-दाणे वाटून आई वरून कच्चं पाणी घालते, तिच्या माहेरची रीत. पाणी टँकरचं, मागच्या दारच्या पिंपातलं. तेही तपासलं, तीच रेघ. पट्टीचा अजून भरवसा नव्हता, म्हणून जिवाणू बशीत वाढवूनही पाहिले. खरंच होतं.

घरी गेले. ओट्यापाशी उभी राहून कसंबसं सांगितलं, "आई, चटणीत होतं गं. पिंपाच्या पाण्यातून आलं."

मग भेगाळलेले दोन्ही हात तिने माझ्यापुढे धरले.

"मन्हा हातमा नही ना, माय?"

"नाही गं. हातात काही नाही."

तिने पिंप उपडं केलं, पाणी उकळलं, तेच घालून नवी चटणी वाटली. संध्याकाळी पंगतीत प्रत्येकासमोर जाऊन स्वतःच सांगितलं, पाणी माझ्याकडचंच खराब होतं. सगळ्यांत जास्त आजारी पडलेला कारागीर जरा बाजूला सरकला आणि म्हणाला, "मावशी, तू बी बठ."

आई बसली. त्याच्याच ताटातली भाकरी मोडून तिने चटणीला लावली.