वालीवच्या यंत्रातली अढी

“बुडाली! माझी केळी बुडाली! थांबवा ते गाडं!”

वालीवच्या गोदामात मी उजवं पाऊल टाकलं आणि ही आरोळी कानावर आली. मी तासगावचा माणूस. आमच्याकडे काही बुडालं म्हणजे ते विहिरीत. मी पिशवी टाकली, चपला काढल्या आणि पोहायच्या तयारीने आत धावलो. आत पाण्याचा थेंब नव्हता. चौकड्यांच्या शर्टातला एक साठीचा, सडपातळ माणूस लोखंडी जाळीला दोन्ही हातांनी धरून वर बघत ओरडत होता आणि माझा भाचा प्रसाद त्याचा खांदा धरून म्हणत होता, “बावतीसकाका, हळू! मॅडम वरच आहेत.”

मी त्याच सकाळी वसई फाट्यावर बसमधून उतरलो होतो. बसमध्ये झोपून मान अशी आखडली होती, की पहिला तासभर मला सगळा पालघर जिल्हा आडवाच दिसला. गोखिवऱ्यात प्रसादच्या फ्लॅटवर आंघोळ आणि दोन बश्या पोहे झाले, तेव्हा तो थोडा सरळ झाला. “मामा, आता माझं यंत्र बघायला चला,” म्हणून भाच्याने रिक्षात घातलं. वालीवला गाळ्याला लागून गाळा. डोळे मिटून बसलो तरी कळत होतं कुठे आलो ते: इथे तापलेलं रबर, पुढे रंग, त्यापुढे कुणीतरी बिस्किटं भाजतंय. मग एका गाळ्याला कसलाच वास आला नाही. तेच प्रसादचं गोदाम.

यंत्र कसं आहे ते सांगतो. खोटं वाटलं तर अर्धंच धरा. एवढ्या मोठ्या खोलीत माणसाला चालायला बोळ नाही. सगळीकडे प्लास्टिकची खोकी एकावर एक, शेजाऱ्याला खेटून, जणू शेकडो चौकोनी विहिरी काठोकाठ भरल्या आहेत. या विहिरींच्या तोंडांवर रुळांची जाळी, आणि त्या जाळीवर बुटक्या गाड्या आपल्या आपण धावतात. वर दिवे नाहीत, गाड्यांना डोळे नसल्यामुळे त्यांची गरज नाही. प्रत्येक गाडीच्या कपाळावर एक निळा ठिपका तेवढा. काका पाणी पिऊन जरा शांत झाले, तेव्हा प्रसादने मला वरच्या सज्जात नेलं आणि मी खाली काळोखात ते ठिपके सरकताना बघत राहिलो. एक ठिपका थांबायचा, पोटातून पट्टे खाली सोडायचा, विहिरीतून एक खोकं अलगद वर ओढायचा आणि निघून जायचा. आवाज किती? झोपलेल्या बाळाच्या श्वासाएवढा. पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की मी सज्जाच्या कठड्याला थोपटतो आहे.

“जे रोज मागवलं जातं ते वर राहतं, मामा,” प्रसाद म्हणाला. “जे कुणी मागत नाही ते हळूहळू तळाला जातं.”

हे ऐकून मला माझंच एक खोकं दिसलं. आत मी, हातात पेपर, आणि वरून एकेक खोकं चढतंय. बरेच दिवसांत मला कुणी मागवलं नव्हतं. मी घाईने खाली उतरलो.

खाली बावतीसकाकांची हकिकत कळली. हा माणूस गिरीजचा, वाडीवाला. सकाळी केळीला पाणी घालून गोदामात आलेला माल खोक्यांत भरायच्या कामावर येतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वाडीतल्या विहिरीला खारं पाणी लागलं आणि राजेळी केळीची सगळी झाडं गेली. त्यांनी नवा बोअर मारला, नवे कंद लावले आणि इतक्या वर्षांनी यंदा पहिला घड आला. तो परवा, रविवारी, आगेऱ्याला (नव्या पिकाचा चर्चमधला सण) वेदीसमोर ठेवायचा, पिकलेला. बायकोला, फादरना, सगळ्या आळीला सांगून झालं होतं.

“मग घरी अढी घालायची होती,” मी म्हणालो. अढी म्हणजे फळं पेंढ्यात दडपून पिकवणं. आमच्याकडे आंब्यांची घालतात.

“घातली होती ना मागे एकदा,” काका म्हणाले. “उंदरांनी अर्धी खाल्ली, वर अर्धी चाखून ठेवली. इथे बघा, काळोख आहे, ऊब आहे, झाकण आहे. उंदराची टाप नाही आत जायची. मी म्हटलं, देवाने एवढी मोठी अढी बांधून दिलीय तर वापरा.”

त्यांनी घडाच्या पाच फण्या सोडवून वॉशरच्या एका खोक्यात ठेवल्या होत्या. हे वॉशर असल्या जुन्या पंपाचे, की कुणी मागवतच नाही. चार दिवसांनी काका संगणकावर आपणच वॉशर मागवणार आणि खोकं केळ्यांसकट वर येणार. तीनदा घरची साधी केळी अशी पिकवूनही झाली होती.

घोटाळा सकाळी झाला. गोदाम सांभाळणाऱ्या सावंत मॅडमनी नको असलेल्या मालाची यादी साफ केली आणि वॉशर यादीतून उडवले. खोक्यात काय आहे ते यंत्र बघत नाही. यादीत लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक. यादीत वॉशर नाहीत, म्हणजे खोकं रिकामं. रिकामी खोकी तळाला. आणि संध्याकाळी सहाला यंत्र दुरुस्तीसाठी बंद, ते सोमवारी चालू.

“आज नाही निघाली तर सोमवारी शिकरण काढावं लागेल वाटीने,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “फादरना काय सांगू? यंत्राने खाल्ली?”

तेवढ्यात मागून आवाज आला, “कुणी काय खाल्लं?”

सावंत मॅडम. विरारहून स्कूटरवर येणारी, बुटकी, गळ्यात चष्म्याची दोरी असलेली बाई. आम्ही तिघं पुरुष एकदम मुलांसारखे सरळ उभे राहिलो. मी तर हातही पुढे केला, छडी खायला. काकांनी सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकलं, घड्याळ पाहिलं.

“यंत्रात फळं ठेवायची नाहीत असं कुठे लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “सोमवारी लिहिते. प्रसाद, रिकामी खोकी बोलाव. एकेक करून सगळी.”

मग सुरू झाली ती दुपार. प्रसाद बटण दाबायचा. वर निळे ठिपके जमायचे, एकमेकांना वाट द्यायचे, वरची खोकी बाजूला मांडायचे, तळातून एक उपसायचे. ते माल काढायच्या खिडकीशी यायचं. आत काही नाही. परत. पुढचं. आत काही नाही. इतका रिकामेपणा मी जन्मात पाहिला नाही. प्रत्येक खोक्याच्या तळाशी जरा वेगळा काळोख होता. काकांना जेवण जाईना म्हणून त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला: बोंबलाचं कालवण आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे). मी दुःखी चेहऱ्याने अकरा फुगे खाल्ले.

पाच वाजून गेले. मी पुन्हा सज्जात गेलो, आणि सांगतो ते लिहून ठेवा: वास मला आधी आला. वास नसलेल्या त्या गोदामात, विहिरींच्या तोंडांतून, गोड, मऊ, उन्हात वाळणाऱ्या साडीसारखा हळूच वर आला. निळे ठिपके क्षणभर थबकले, शपथ. मी ओरडलो, “डावीकडची विहीर!” प्रसाद म्हणतो, यंत्राला डावं-उजवं सांगता येत नाही आणि ते खोकं तसंही पुढचंच होतं. भाचा आहे, बोलू दे.

खोकं खिडकीशी आलं. पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘रिकामं’. आणि आत वरची फणी, पिवळीधमक, जणू दिवा लावून ठेवलेली. काकांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला, फण्या पुठ्ठ्याच्या पेटीत उतरवल्या आणि वर आपला टॉवेल झाकला. मॅडमनी टॉवेलाकडे बघून चष्मा पुसला. सहाला ठिपके एकेक करून विझले.

मी काकांना रिक्षाने गिरीजला सोडायला गेलो. पेटी त्यांच्या मांडीवर. नारळांखालून रस्ता हिरवा होत गेला. केळीची पानं दोन्हीकडून वाकून बघत होती. मी टॉवेलाला हात लावला तर काकांनी तो हळूच बाजूला केला. “आता रविवारीच,” म्हणाले. दारात त्यांच्या बायकोने त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही, पण त्यांनी पेटी उंच धरून दाखवली.

शनिवारी मी परत निघालो. तासगावला पोचेपर्यंत माझ्या गोष्टीतली केळी हाताएवढी झाली होती आणि पारावर पोचल्यावर गाड्या गुडघे टेकून वास घेऊ लागल्या. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. रोज झोपताना मला ते खोकं दिसतं. सगळं जग ज्याला रिकामं म्हणतं, त्याच्या तळाशी काहीतरी पिकत असेल. कुणीतरी बसून एकेक उपसायला हवं. मला बरं वाटतं त्याने.

सोमवारी राहवेना. काकांना फोन लावला आणि चांगलं भाषणच ठोकलं: आगेरा कसा झाला, यंत्राच्या पोटातून आलेला तो घड वेदीसमोर कसा झळकला, फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही!

“ठेवला,” काका म्हणाले. “मधल्या दोन फण्या कच्च्या होत्या. अजून एक दिवस आत राहायला पाहिजे होता.”