बडे सरांच्या शाळेचं वातावरण

माझ्या सासऱ्यांच्या शाळेत पोरांना मोकळं वाटतं की नाही, हे मोजायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी सौंसरला आले, तेव्हा सोबत अर्धवट राहिलेलं एम.एड. घेऊन आले. नागपूरच्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाला विषय दिला होता: किशोरवयीन विद्यार्थ्यांना आपल्या शाळेचं वातावरण कसं वाटतं. आता, मामाजी म्हणजे माझे सासरे, तिथल्याच शाळेचे मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना 'बडे सर' म्हणायचं. म्हणजे शाळा घरची, पोरं हाताशी, आणि अक्कल तर माझ्याजवळ होतीच! महिन्याभरात प्रबंध हातावेगळा करते, असं मी भेटेल त्याला सांगून टाकलं.

शंका आली ती फक्त सासूबाईंना. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

"वातावरण मोजून राहिली म्हणते. थर्मामीटर लागते का गं त्याले?"

"नाही आत्याबाई, नुसते प्रश्न विचारायचे. शाळा कशी वाटते, मास्तर कसे वाटतात, मुख्याध्यापक कसे वाटतात..."

आत्याबाईंनी तव्यावरची पोळी तव्यावरच राहू दिली. "मुख्याध्यापक कसे वाटतात? लग्नाले इतके वर्षं झाले, मी नाही विचारलं बाप्पा!"

मामाजींना मात्र काहीच अडचण नव्हती. "विचार, सूनबाई. माझे पोट्टे खूश आहेत," ते म्हणाले. (तोपर्यंत पोट्ट्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.)

मार्गदर्शक बाईंनी एक ताकीद दिली होती. मी मुख्याध्यापकांची सून आहे हे मुलांना कळता कामा नये, नाहीतर ती खरं बोलणार नाहीत. मी वर्गात जाऊन रुबाबात सांगितलं, "मी नागपूरहून आले आहे." खोटं कुठे होतं? माहेर नागपूरचंच! मग मी प्रश्न वाचायला लागले. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं होती, पूर्णपणे सहमत, सहमत, काही सांगता येत नाही, असहमत आणि पूर्णपणे असहमत. मुलांनी त्यातलं हवं ते निवडायचं.

"या शाळेत मला सुरक्षित वाटतं."

"पूर्णपणे सहमत!" अख्खी नववी एका सुरात ओरडली.

"शिक्षक माझं म्हणणं ऐकून घेतात."

"पूर्णपणे सहमत!"

"शाळेतल्या सोयी पुरेशा आहेत."

"पूर्णपणे सहमत!" (ज्या बाकावर बसून हे ओरडले, त्याचा एक पाय विटांवर होता.)

मी संशयाने मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात मामाजी हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारत होते. कारण सापडलं! वातावरण मोजायचं तर आधी वातावरण बदललं पाहिजे. मी लगेच फर्मान काढलं, रविवारी सगळ्यांनी रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात यायचं. (हा बगीचा कोणाचा, हे मी सांगितलं नाही. किती हुशार होते मी!)

रविवारी मामाजी सकाळीच पांढुर्ण्याला एका लग्नाच्या बैठकीला निघाले. मैदान मोकळं! मुलं-मुली सायकलींवरून आली. मृगाच्या बहाराची संत्री पिकली होती. बगीच्यात विहिरीवरची पाण्याची मोटार चालू होती, तिची धडधड एवढी की बोलायचं तर घसा ताणावा लागत होता. मी सगळ्यांना संत्री दिली आणि प्रश्न विचारले. मुलांनी संत्री खाल्ली आणि उत्तरं दिली नाहीत.

मग मी ठरवलं, यांची भीड मोडायची. संत्र्यांची एक रिकामी पेटी पालथी घातली, तिच्यावर उभी राहिले, पदर कमरेला घट्ट खोचला, हात पाठीमागे बांधले आणि नाकातून आवाज काढला, "काय गडबड करून राहिले रे?"

मग एक पोरगी फिसकन हसली. तिचं नाव कुंदा, तिगावहून रोज यायची. तिचं हसणं पाहून सगळेच हसत सुटले. आणि काय सांगू, बांध फुटला!

"बाई, बडे सर पयले विचारतात, गृहपाठ झाला का? मंग आमी कायले गेलो होतो तेच भुलून जातो!"

"बाई, सर बोलत नाही, नुसते पाह्यतात. त्याचंच जास्त भेव वाटते!"

"बाई, सायकल पंचर झाली तरी म्हणतात, अभ्यास कमी पडून राहिला!"

मी खूश! हेच तर पाहिजे होतं! एवढा मोकळेपणा कुठल्या संशोधिकेने मिळवला असेल? माझ्या अंगात संचारलंच. "हे तर काहीच नाही," मी मोटारीच्या वरताण ओरडले, "खरे बडे सर असे!" मान वाकडी केली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, एक बोट आभाळाकडे धरलं आणि फुफ्फुसांत होती नव्हती तेवढी हवा लावून गर्जले,

"मी बोलून राहिलो, तं भिंतीनंसुद्धा चूप राहिलं पाहिजे!"

आणि नेमकी लाइन गेली.

मोटार बंद पडली. सगळा बगीचा चिडीचूप. त्या शांततेत "चूप राहिलं पाहिजे" एवढंच दूरवर घुमत गेलं. मग मोटारीच्या खोलीचं दार करकरलं, आणि डोळे चोळत, टोपी सावरत, मामाजी बाहेर आले.

"हे माझ्या आवाजात कोण बोलून राहिलं?"

मागाहून कळलं, पांढुर्ण्याची बस आलीच नव्हती. घरी जाऊन बाजाराची पिशवी हातात पडण्यापेक्षा ते इकडे येऊन झोपले होते. मोटारीच्या धडधडीत त्यांना मुलांचं एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं होतं ते फक्त माझं!

"मामाजी!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी जीभ चावली. गेलं! सगळं गुपित फुटलं! मी मुलांकडे वळले. "ते... म्हणजे... तुम्हाला मी सांगितलं नव्हतं..."

"आमाले माईत होतं बाई," कुंदा म्हणाली. "तुमच्या वरातीत नाचलो नं आमी."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुमी इतक्या मनापासून लपवून राहिल्या होत्या. म्हटलं, राहू द्या."

मी अजून पेटीवरच उभी होते, बोट अजून आभाळाकडेच होतं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. पोरांचे चेहरे पांढरे पडले. 'तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही' असा शब्द मी त्यांना दिला होता. आता सोमवारी कोणाकोणाला छडी बसते, कोण जाणे! मी खाली उतरले.

"मामाजी, जे काय बोलले ते मी बोलले. पोरांचा काही दोष नाही."

"सर, बाईनं इचारलं तं आमी बी बोललो," कुंदा उठून उभी राहिली. "अन् एक राहिलंच सांगाचं. पोरीयच्या संडासाले कडी नाही. एक जण आत जाते, तं दुसरी दार धरून उभी राह्यते. काही पोरी तं दिवसभर पानीच पेत नाही."

मामाजी त्याच पेटीवर हळूच बसले.

"मले कोणी सांगितलं नाही?"

"सांगाले आलो होतो सर. तुमी इचारलं, गृहपाठ झाला का?"

मामाजींनी एक संत्रं सोललं, अर्धं कुंदाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "खाय. हा प्रश्न माझाच चुकला." सोमवारी शाळा भरायच्या आत सुतार हजर होता, आणि मामाजी स्वतः कडी लावून-काढून पाहत होते.

मी नागपूरला जाऊन मार्गदर्शक बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या हसून हसून लाल झाल्या आणि त्यांनी मला दुसऱ्या शाळेत पाठवलं. पांढुर्ण्याच्या, जिथे माझं कोणी सासरचं नव्हतं. प्रबंध झाला, पदवीही मिळाली. ती मिळाली त्या दिवशी घरात सगळे जेवायला बसले असताना मामाजी म्हणाले, "सूनबाई, शाळेचं वातावरण मोजणं झालं. आता घरचं मोजू."

"मोजा की!" मी छातीठोकपणे म्हटलं.

मामाजींनी घसा साफ केला. "प्रश्न असा. या घरात सूनबाईसमोर प्रत्येकाले आपलं मत मोकळेपणानं सांगता येते."

आत्याबाईंनी वरणात पाहिलं. आमच्या ह्यांनी घास तोंडाशी नेऊन तिथेच धरला. कोणी काही बोलेना. शेवटी मलाच राहवेना, आणि सगळ्यांच्या वतीने मीच खणखणीत उत्तर देऊन टाकलं,

"पूर्णपणे सहमत!"