मोहफुलाखालचा तांदूळ

"एका कार्डावर तांदळाची उचल झाली हाये," रेशनचा सायेब सभेत म्हनला. मांडीवर पोरगी पीत होती, तिले मी इतकी आवळली का रडलीच ते. साऱ्या बाया एकमेकीच्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. मीही पाह्यलं. पाहाच लागलं ना — नाई त कळलं असतं.

हे मी कोनाले सांगतलं नाई. नवऱ्यालेही नाई. तुमाले सांगून राह्यली. मधात टोकू नोका मले — थांबली त मंग नाई सांगनं होनार.

आमचं गाव धानोऱ्याकडं, जंगलात. कंट्रोलच्या, म्हंजे रेशनच्या, तांदळावर चूल. दुकानात मशीन हाये, अंगठा लागला त तांदूळ. पन आमच्या बुढ्या सोमीबाईचा अंगठाच येत नाई. जलमभर बांबू चिरला तिनं, टोपल्या इनल्या — बोटाच्या रेघाच घासून गेल्या. मशीन म्हनते, हे बाई सोमी नोहे. दोन महिने तिले दाना नाई. अशा अजून दोन-तीन बुढ्या. म्हनून बायांनी ठरवलं, सायेब येईपर्यंत कोनीच उचलाचा नाई. साऱ्या गावाची मशीन कोरी राह्यली का त्याले वहीत नाव लिहून या बुढ्याइले तांदूळ द्याच लागन. "एकीले नाई त कोनालेच नाई!" — हे कोन बोललं मोठ्यानं? मीच. सातवी शिकली ना मी. अर्जही माह्याच हातचा.

मंग दुकानात काऊन गेली मी?

घरी तांदूळ नोहता असं नाई. होता. चार दिवसाचा होता. हेच सांगाले जीभ अडते — डबा खाली असता त सांगनं सोपं होतं. दुकानवाला भाऊ रस्त्यात भेटला, हासला. "पुढारीनबाई, या महिन्यात उचल नाई केली त नाव कटते बरं. मंग बसा अर्ज लिहीत!" खरं का खोटं, इचारलं मी कोनाले? नाई. मले पोरगीच दिसली, उपाशी, तोंड वासून पडलेली. दुसऱ्या दिवशी बाया मोहफुल वेचाले गेल्या, अन् मी भर दुपारी दुकानात गेली. अंगठा लावला. टोपल्यात तांदूळ, वरतून मोहफुल पसरवले. वाटेत कोनी पाह्यलं त मोहफुलच दिसन.

अन् सभेत सायेब म्हनते, "मशीन चालते, दुकान चालते, एक बाई उचलते, मंग तक्रार कायची?" नाव नाई वाचलं त्यानं. अर्ज घडी करून खिशात टाकला, गाडीत बसला.

बाया शेवंतावर तुटल्या. तिचा नवरा दुकानवाल्याचा ट्रॅक्टर चालवते ना. "तुहंच काम हाये वं हे! मालकाचं मीठ लय गोड लागलं का?" शेवंता लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेऊन राह्यली. मी बाजूलेच होती. म्हटलं, "जाऊ द्या नं बाई, झालं ते झालं." माफ केल्यासारखं. मी — तिले!

दोन दिवसानं त्याच तांदळातला पायलीभर सोमीबाईकडं नेला. तिनं परत माह्या पदरात घातला. "लेकुरवाळी तू, आमच्यासाठी इतके दिवस उचल नाई केली, अन् तुह्या घरचा उरलासुरला मी खाऊ? ने वं."

नेला. शिजवला. खाल्ला.

मंग एकएक करून साऱ्याच बाया उचलाले लागल्या. सोमीबाईनं पावसाळ्यापर्यंत वाट पाह्यली, मंग आलापल्लीकडं लेकीच्या घरी गेली. तिथं तिले तांदूळ भेटते का? मी इचारलं नाई. तुमी असते त काय केलं असतं? — तुमी दुकानात गेले नसते. सोमीबाई त नाईच.

शेवंतासंग अजूनही कोनी जंगलात जात नाई. दुकानाच्या रांगेत ते सर्वाइच्या मांगं एकटी उभी राह्यते. परवा पोरगी रडून राह्यली होती, त तिनंच हात पुढं केले — "दे वं इकडं, तू अंगठा लाव." मी दिली. पोरगी चूप झाली. तिच्या कडेवर हासून राह्यली होती.