साळवी मॅडमनी गाळलेलं चौथं बोट

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर येऊन टवाळी करणाऱ्यांतली मी आहे. कुणाला पांढरी साडी दिसली की चष्म्याचा नंबर विचारणारी! पण आज माझ्यावरच वेळ आलीय, म्हणून लिहितेय.

मी पियानो वाजवते, शिकवते. तेच माझं पोट. शिकले महाडला, चवदार तळ्याजवळ राहणाऱ्या साळवी मॅडमकडे. मुंबईत व्हायोलिन-चेलोवाल्यांबरोबर जन्मभर वाजवून त्या माहेरी परतल्या होत्या. पुराच्या धास्तीने पियानो वरच्या मजल्यावर चढवलेला.

आमच्या पुस्तकात कुठल्या स्वराला कुठलं बोट ते आकड्यांत लिहितात. अंगठा एक, करंगळी पाच. मी अकरावीत असताना मॅडमनी मला एका ट्रिओच्या, म्हणजे तिघांनी मिळून वाजवायच्या रचनेच्या, पुस्तकात असे आकडे लिहून दिले... आणि उजव्या हाताला चार कुठेच नाही! म्हणजे अनामिकाच गायब.

"मॅडम, चौथं बोट विसरलात का?"

त्यांनी पानं उलटली. त्या स्वतःच दचकल्या. मग हळूच म्हणाल्या, "असू दे गं. नंतर लागेल."

म्हटलं, वय झालं बाईंचं. पुस्तक कपाटात टाकलं. पुढे मॅडम गेल्या, मी मुंबईत स्थिरावले.

तीन वर्षांपूर्वी भावाबरोबर खेडहून येत होतो. कशेडी घाटात दरड आली म्हणून गाड्या थांबलेल्या. मी उतरले, भावाने घाईत दार लावलं... उजव्या हाताची अनामिका. जखम भरली, पण बोट वाकेना. आता कसला पियानो? दोन महिने नुसती रडत होते.

मग ते पुस्तक आठवलं. काढून बसले. अहो, एक स्वर सुटला नाही! त्याच ट्रिओने मी पुन्हा स्टेजवर गेले. मॅडमच्या बाकीच्या विद्यार्थ्यांची पुस्तकं मागवून पाहिली. सगळ्यांत चार आहे, हवा तिथे आहे. फक्त माझ्यात नाही. योगायोग म्हणा, मीही तेच म्हणायचे... काल सकाळपर्यंत.

हल्ली रविवारी महाडला शिकवते. पोलादपूरकडच्या एका वाडीतून आर्या येते. अकरावीत आहे, फार गुणी पोर. काल पुस्तक पुढे करून म्हणाली, "ताई, डाव्या हाताला दोन कुठंच नाय. ह्या बोटानं वाजवायचंच नाय काय?" आणि तर्जनी नाचवली.

मी पुस्तक ओढलं. पेन्सिल माझी, अक्षर माझं. सोळा पानं, आणि डाव्या हाताला एकही दोन नाही! लिहिताना मला काहीही जाणवलं नव्हतं हो, शपथ. आणि माझ्याच तोंडून निघालं, "असू दे गं..." पुढचं मी गिळलं.

पुस्तक ठेवून घेतलंय. खोडरबर समोर आहे. खोडलं तर टळेल? की तिला गरज पडेल तेव्हा नेमकं हाताशी नसेल? मॅडमनाही हेच वाटलं असेल का? मला काही म्हणजे काही उलगडत नाही.

आज सकाळी न राहवून तिच्या आईला फोन केला. म्हटलं, आर्याला जरा हात जपायला सांगा.

त्या हसल्या. "आता कुठं सांगू ताई? ती मामाच्या शेतावर गेलीय, भात कापायला."

डाव्या मुठीत भात धरायचा, उजव्या हातात विळा. "आत्ताच्या आत्ता बोलवा तिला!" मी ओरडलेच. त्या घाबरून शेताकडे निघाल्या.

त्याला दोन तास झाले. तेव्हापासून फोन लावतेय... कुणी उचलत नाहीये.