शकुनं उपटलेली चिवळ

समोरच्या माणसाच्या शर्टावर सुटा दोरा दिसला, तर तो काढल्याशिवाय शकु राणेला पुढचं वाक्य सुचत नाही. मग तो माणूस ओळखीचा असो वा बँकेच्या रांगेतला कुणी परका असो. शेजारणीकडे गप्पा मारायला गेली, तर तिच्या ताटातले तांदूळ हिनं निवडून झालेले असतात.

ही सवय तिला नोकरीनं लावली. भांडुपला औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. पट्ट्यावरून गोळ्या पुढे सरकायच्या आणि तुटलेली, टवका गेलेली, रंग उडालेली गोळी शकु क्षणात उचलून बाजूला टाकायची. सगळी उमेदीची वर्षं तिनं हेच केलं. निवृत्त झाल्यावर पट्टा गेला, पण बोटं शिवशिवत राहिली. पहिल्या दोन महिन्यांत तिनं नवऱ्याचे, मधुकररावांचे, जुने शर्ट, जुनी वर्तमानपत्रं आणि एक चालू रेडिओ घराबाहेर काढला. मधुकररावांनी धोका ओळखला. स्वतःच्या बचावासाठी ते नर्सरीतून चार कुंड्या घेऊन आले आणि म्हणाले, जा, गच्चीवर काय ते कर.

मुलुंड पूर्वेला त्यांची सात मजली इमारत आहे. गच्चीचा एक कोपरा आधीच मालन वाठोरेनं धरला होता. मालन पाचव्या मजल्यावरची, मूळची हिंगोलीकडची. एका लॅबसाठी ती सकाळी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. सुई इतकी हलकी टोचते की म्हातारी माणसं फोन करून तिलाच पाठवा म्हणून सांगतात. दोघींचं वय सारखं, त्यामुळे अगं-तुगं व्हायला वेळ लागला नाही. शकु ज्याला बेणणं म्हणते, त्याला मालन निंदणं म्हणते. काम एकच, तण काढायचं. पण कुठला शब्द बरोबर यावर त्यांचे बरेच चहा झाले.

तण काढण्यात मात्र शकुचा हात कुणी धरू शकलं नसतं. जुन्या स्क्रूड्रायव्हरनं ती मूळ सैल करायची आणि अख्खं रोप अलगद वर घ्यायची. आंबुशी, नागरमोथा, चिकाची दुधी, कशाचीच गय नव्हती. सगळ्यात जास्त राग घोळीवर. लालसर देठांची, जाड पानांची ती वेल एका जागी काढावी तर दुसऱ्या जागी हजर. उपटून ठेवली तरी ओल्या मातीवर पुन्हा मूळ धरते, मेलीला मरायचं कळतच नाही, असं शकु म्हणायची. म्हणून ती उपटलेलं सगळं पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर उन्हात पसरून ठेवायची.

फेब्रुवारीत दोघींनी उन्हाळी रोपं केली. शकुनं दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो, मिरची आणि वांगी पेरली. रोपं बोटभर झाली आणि कबुतरं आली. त्यांना रोपं खायची नसतात, उबदार मातीत बसायचं असतं. त्यासाठी आधी सगळं उपटून फेकतात. शकुनं खराट्याचे हीर मोडून डब्यांत दाटीनं खोचले, म्हणजे बसायला जागाच राहू नये. मालननं जुनी मच्छरदाणी आणून टोमॅटोवर बांधली. कबुतरंही अडली, दुपारचं ऊनही अडलं.

महिन्याच्या शेवटी मालन भाचीच्या लग्नाला हिंगोलीला गेली. जाताना पाणी घालायला सांगून गेली. पाणी घालता घालता शकुचं लक्ष मालनच्या लांबट कुंडीकडे गेलं. कुंडीभर घोळ माजली होती. बिचारीला नोकरीत वेळ मिळत नसणार, असं वाटून शकुनं सगळी कुंडी उपटून काढली, माती भुसभुशीत केली आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं, तुझी कुंडी झकास साफ केली.

दुसऱ्या दिवशी मालनचा फोन आला.

"शकु, ती चिवळ होती."

चिवळ म्हणजे काय हेही शकुला ठाऊक नव्हतं. मालननं सांगितलं. मराठवाड्यात उन्हाळ्यात खातात ती भाजी, घोळीचीच बारीक बहीण. तिच्या आईच्या परसात आपोआप उगवायची. तिथं आता भावानं फरशी घालून गाडी उभी केली आहे. फरशी पडायच्या आधी संक्रांतीला मालननं तेवढी खणून आणली होती. शकुनं माफी मागितली. मालन म्हणाली, राहू दे, तुला काय माहीत. ती ओरडली असती तर शकुला बरं वाटलं असतं. त्या दुपारी ती जेवली नाही.

मधुकररावांनी समजूत काढायचा प्रयत्न केला, तेव्हा शकु चप्पल घालून गच्चीवर निघाली होती. टाकीच्या स्लॅबवर सगळं तण एकत्र पडलं होतं, कोमेजलेलं, पण पूर्ण वाळलेलं नव्हतं. उन्हात मांडी घालून ती निवडायला बसली. नीट पाहिल्यावर फरक दिसला. चिवळीची पानं बारीक, देठ दोऱ्यासारखे, पेरापेरापाशी पांढरी लव. घोळ जाडजूड. निवडलेले आणि शंका आली तेही तुकडे तिनं मालनच्या कुंडीत ओल्या मातीवर टेकवले. पण मार्चच्या तोंडावरचं ऊन त्यांना सोसणार नव्हतं आणि कबुतरं कठड्यावर वाट बघत बसली होती. शकुनं एकदा दह्याच्या डब्यांकडे बघितलं. मग तिनं टोमॅटोवरची मच्छरदाणी सोडली आणि चिवळीवर बांधली.

दहा दिवसांनी मालन परतली ती सरळ गच्चीवर गेली. शकु पाणी घालत होती. मालनची नजर दह्याच्या डब्यांवर गेली. टोमॅटोची रोपं जळून वाकली होती. हीर बाजूला सारून कबुतरांनी दोन डबे साफ केले होते.

"टोमॅटोचं काय झालं गं?"

"कबुतरांनी वाट लावली."

"मच्छरदाणी होती ना?"

शकुनं हातातल्या मगानंच लांबट कुंडीकडे दाखवलं. मालननं जाळी उचलली. बऱ्याच तुकड्यांनी मूळ धरलं होतं. टोकांना नवी पानंही फुटली होती. मालन कुंडीजवळ वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा शकु घाबरली. पण मालन हसत होती.

"शकु, यातली निम्मी घोळ आहे."

"काय सांगतेस? थांब, काढते."

"हात लावू नको. घोळीचीही भाजी होते."

एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, मालननं आणि तिच्या नवऱ्यानं राणे नवराबायकोला जेवायला बोलावलं. इतर पक्वान्नं होतीच, पण शकुच्या ताटात आधी ती भाजी पडली. मूगडाळ, लसूण, हिरवी मिरची आणि दोन्ही बहिणी एकत्र. बरोबर ज्वारीची भाकरी. शकुनं सावकाश घास खाल्ला. किंचित आंबट, किंचित बुळबुळीत. मालन तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बरी आहे," शकु म्हणाली. "ओलं खोबरं घातलं असतंस तर चांगली झाली असती."

मालननं सांगितलं की तिच्या घरात चिवळीत खोबरं पडणार नाही. शकुनं विचारलं की एकदा घालून बघायला काय जातं. मधुकररावांनी तेवढ्यात दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली आणि मालनच्या नवऱ्याकडे भाकरीचा डबा मागितला, कारण हे आता लवकर संपणार नव्हतं.